काशीचा प्रकाश आणि छायाचित्रकाराची साधने

प्रास्ताविक

सुताराचा रंधा, शिंप्याची कात्री, तसा छायाचित्रकाराचा कॅमेरा. साधन हाताला बसले आणि कामाशी त्याचा मेळ जमला, की कारागिराचे कौशल्य खुलू लागते. छायाचित्रणाची वाट नुकतीच धरलेल्या व्यक्तीपुढे मात्र एक अडचण उभी राहते. बाजारात कॅमेरे, भिंगे, तिपाया, दिवे यांची रेलचेल असते आणि गाठीचा पैसा मोजका असतो. कोणते साधन आधी घ्यावे, कोणते नंतर आणि कोणते मुळीच घेऊ नये, हे कळेनासे होते. महागडे साधन घेतले म्हणजे चित्र आपोआप चांगले येईल, असाही अनेकांचा समज असतो.

प्रस्तुत पाठात या प्रश्नाचा विचार वाराणसी, म्हणजेच काशी, या नगरीच्या आधाराने केला आहे. छायाचित्रणाच्या आरंभकाळापासून देशोदेशीचे छायाचित्रकार येथे येत राहिले. त्यांची साधने काळानुसार बदलली, पण घाटांवरचा प्रकाश तोच राहिला. त्या प्रकाशाने प्रत्येकाला साधनांविषयी काही ना काही शिकवले.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हांला पुढील गोष्टी करता येतील :
• एखाद्या स्थळाच्या प्रकाशाचे निरीक्षण करून त्यानुसार साधनांची निवड करणे.
• भिंग, छिद्र, शटर आणि संवेदनशीलता यांचा परस्परसंबंध सांगणे.
• वापरलेला कॅमेरा किंवा भिंग विकत घेताना करावयाची तपासणी सांगणे.
• माणसांची छायाचित्रे घेताना पाळावयाचा विवेक स्पष्ट करणे.

मूळ पाठ

१. घाटांची दिशा

गंगा हिमालयातून उतरून सामान्यतः आग्नेयेकडे वाहते. काशीजवळ मात्र ती वळण घेऊन उत्तरेकडे जाते. नगर नदीच्या पश्चिम काठावर वसले आहे. त्यामुळे अस्सी घाटापासून राजघाटापर्यंत पसरलेले ऐंशीहून अधिक घाट पूर्वेकडे तोंड करून उभे आहेत. समोरच्या काठावर वाळूचे मोकळे मैदान आहे. सूर्य उगवताना त्याच्या आड एकही इमारत येत नाही. पहिले किरण पाण्यावरून सरळ पायऱ्यांवर, वाड्यांच्या भिंतींवर आणि स्नान करणाऱ्यांच्या चेहऱ्यांवर पडतात. शिंदे घाट, भोसले घाट, अहिल्याबाई घाट ही मराठी वाचकाच्या ओळखीची नावे धारण करणारे घाटही याच उन्हात उजळून निघतात.

दुपार कलली, की चित्र पालटते. सूर्य नगराच्या पाठीमागे जातो, उंच वाड्यांच्या सावल्या पायऱ्यांवर उतरतात आणि घाट झाकोळतात. समोरची वाळू मात्र उन्हात चमकत राहते. घाटांच्या मागे गल्ल्यांचे जाळे आहे. तेथे दोन्ही बाजूंच्या घरांमधून आभाळाची जेमतेम एक पट्टी दिसते. हिवाळ्यात सकाळी दाट धुके पडते. पावसाळ्यात गंगेचे पाणी चढून पायऱ्या बुडतात.

एकाच नगरीत, एकाच दिवसात प्रकाशाची इतकी रूपे भेटतात. 'कोणता कॅमेरा घ्यावा?' हा प्रश्न विचारण्यापूर्वी 'कोणत्या प्रकाशात, काय टिपायचे आहे?' हा प्रश्न विचारावा लागतो, तो यामुळेच.

२. काचेपासून फिल्मपर्यंत

सॅम्युएल बोर्न हा इंग्रज छायाचित्रकार १८६३ मध्ये भारतात आला. त्याच दशकात त्याने काशीचे घाट टिपले. त्या काळी 'ओल्या कोलोडियन'ची पद्धत रूढ होती. काचेवर रसायनाचा थर द्यायचा, तो ओला असतानाच काच कॅमेऱ्यात बसवून चित्र घ्यायचे आणि थर वाळण्यापूर्वी अंधाऱ्या तंबूत ती काच धुऊन काढायची, असा सारा खटाटोप होता. काचा, रसायने, पाणी, तंबू आणि लाकडी कॅमेरा वाहून नेण्यासाठी माणसे लागत. हिमालयाच्या प्रवासात तर हमालांचा मोठा तांडाच बोर्नसोबत असे.

या पद्धतीत प्रकाश बराच वेळ आत घ्यावा लागे. तेवढ्या वेळात हलणारी माणसे पुसट होत, डुलणाऱ्या नावा अस्पष्ट येत. म्हणून त्या काळच्या छायाचित्रांत दगडी वास्तूंना मोठे स्थान मिळाले. पायऱ्या, मंदिरे, बुरूज हलत नाहीत. साधनाच्या मर्यादेने विषय ठरवला आणि बोर्नने त्या मर्यादेत राहून वास्तूंची अतिशय रेखीव चित्रे घेतली.

पुढे सुमारे शंभर वर्षांनी रघुबीर सिंग यांनी गंगा आणि काशी रंगांत टिपली. १९४२ मध्ये जयपूर येथे जन्मलेल्या या छायाचित्रकाराचे काशीवरील पुस्तक १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले. हातात सहज मावणारा ३५ मिलिमीटरचा कॅमेरा आणि कोडाक्रोम ही रंगीत फिल्म, ही त्यांची मुख्य साधने. त्यांच्यामुळे माणसे, नावा, छत्र्या, गर्दी, पुराचे पाणी असे सारे चालते-बोलते जग चौकटीत आले. पण कोडाक्रोमलाही मर्यादा होतीच. तिची संवेदनशीलता कमी होती. २५ आणि ६४ हे तिचे प्रचलित अंक. अशी फिल्म अंधुक उजेडात हातात धरून वापरणे कठीण. छायाचित्रकाराला चांगल्या प्रकाशाची वाट पाहावी लागे. या फिल्मचे उत्पादन २००९ मध्ये बंद झाले.

आजच्या अंकीय कॅमेऱ्यात संवेदनशीलता एका कळीने ३२०० किंवा ६४०० पर्यंत नेता येते. बोर्नला जे अशक्य होते, ते आज साध्या मोबाइललाही जमते. मर्यादा सैल झाल्या, तसा निवडीचा भार वाढला. पूर्वी साधनच 'नाही' म्हणत असे. आता ते छायाचित्रकाराने स्वतः म्हणायचे असते.

३. अंगणावरचे आभाळ

साधन महाग असणे आणि साधन योग्य असणे यांतील फरक दाखवणारे एक उदाहरण भारतीय चित्रपटाच्या इतिहासात आहे आणि त्याचा संबंध काशीशीच आहे.

सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली'चे चित्रीकरण १९५२ मध्ये सुरू झाले, तेव्हा त्यांचे छायालेखक सुब्रत मित्र जेमतेम एकवीस-बावीस वर्षांचे होते. त्यापूर्वी त्यांनी चित्रपटाचा कॅमेरा कधीच चालवला नव्हता. फ्रेंच दिग्दर्शक जाँ रेन्वार यांच्या 'द रिव्हर' या चित्रपटाचे चित्रीकरण बंगालमध्ये चालले असताना मित्र तेथे निरीक्षक म्हणून हजर राहत आणि दिवे कोठे ठेवले, प्रकाश कोठून आला, याच्या आकृत्यांसह टिपणे काढत. हीच त्यांची शाळा.

राय यांचा पुढील चित्रपट 'अपराजितो' १९५६ मध्ये पडद्यावर आला. त्याच्या पूर्वार्धात हरिहर, त्याची पत्नी सर्वजया आणि मुलगा अपू काशीतील एका जुन्या घरात राहतात. घाटांवरील प्रसंग प्रत्यक्ष काशीत चित्रित झाले. घराच्या आतील अंगण मात्र कोलकात्याच्या स्टुडिओत उभारण्याचे ठरले, कारण पावसाळ्याने काम अडण्याची भीती होती. कलादिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त यांनी ते अंगण हुबेहूब उभे केले. सुब्रत मित्र यांचा या बेताला विरोध होता. काशीच्या घराच्या चौकात प्रकाश वरच्या आभाळातून झिरपत येतो. तो सगळीकडून सारखा येतो, म्हणून त्याच्या सावल्या मऊ असतात. स्टुडिओतील दिवे एकेका बिंदूतून झोत फेकतात आणि एकाच वस्तूच्या दोन-तीन कठोर सावल्या पाडतात. अशा दिव्यांखाली काशीचे घर खोटे दिसेल, असे त्यांचे म्हणणे होते.

निर्णय बदलला नाही, तेव्हा मित्र यांनी उपाय शोधला. चित्रकार वापरतात तसले पांढरे कापड चौकटीवर ताणून त्यांनी अंगणाच्या वर आभाळासारखे पसरले. दिवे खाली ठेवले आणि त्यांचे तोंड वर, त्या कापडाकडे केले. दिव्यांचा प्रकाश कापडावर आदळून, विखरून, मंद होऊन खाली उतरला. कठोर सावल्या विरघळल्या. पाहणाऱ्याला ते घर काशीतलेच वाटले. प्रकाश असा परावर्तित करून वापरण्याच्या पद्धतीला 'बाउन्स लाइटिंग' म्हणतात. पुढे जगभर ती नित्याची झाली. 'अपराजितो'ला १९५७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात सर्वोच्च सन्मान, सुवर्णसिंह, मिळाला.

या प्रसंगात नवे यंत्र कोठेही नाही. दिवे स्टुडिओतील नेहमीचेच होते, कापड बाजारात मिळणारे होते. खऱ्या अंगणातील प्रकाश कसा पडतो, याचे सूक्ष्म ज्ञान आधी होते; साधनाची जुळवणी त्यानंतर झाली.

पाठगत प्रश्न – १

(अ) योग्य पर्याय निवडा.
१. काशीचे घाट कोणत्या दिशेला तोंड करून आहेत?
 (क) पश्चिम (ख) पूर्व (ग) उत्तर (घ) दक्षिण
२. 'अपराजितो'तील अंगणासाठी सुब्रत मित्र यांनी कशाचा वापर केला?
 (क) आरशांचा (ख) रंगीत काचांचा (ग) ताणलेल्या पांढऱ्या कापडाचा (घ) मेणबत्त्यांचा

(आ) एका वाक्यात उत्तर लिहा.
३. ओल्या कोलोडियन पद्धतीत माणसांपेक्षा वास्तूंची चित्रे अधिक स्पष्ट का येत?

४. साधनांची निवड

कॅमेरा : छायाचित्रणाचा आरंभ हाती असलेल्या कॅमेऱ्यानेच करावा. आज अनेकांकडे मोबाइल असतो. भरपूर उजेडात त्याची चित्रे समाधानकारक येतात. चौकट, दिशा, क्षण यांचा सराव त्यावर उत्तम होतो. त्याचा प्रकाशग्राही पृष्ठभाग, म्हणजे सेन्सर, लहान असतो. म्हणून अंधाऱ्या गल्लीत किंवा दूरच्या नावेसाठी तो अपुरा पडू लागतो. ही अडचण वारंवार जाणवू लागली, की भिंग बदलता येणारा कॅमेरा घेण्याची वेळ आली, असे समजावे. असा कॅमेरा घेताना पिक्सेलच्या आकड्याला भुलू नये. तो हातात नीट बसतो का, छिद्र आणि शटर स्वतः ठरवण्याची सोय आहे का, त्याची भिंगे सहज मिळतात का, दुरुस्तीची सोय जवळ आहे का, हे पाहावे.

भिंग : चित्राचे रूप कॅमेऱ्याच्या पेटीपेक्षा भिंगावर अधिक अवलंबून असते. भिंगाचे नाभीय अंतर मिलिमीटरमध्ये सांगतात. ते कमी असेल तर दृश्याचा विस्तृत भाग चौकटीत येतो; जास्त असेल तर दूरची वस्तू जवळ दिसते. काशीतील तीन ठिकाणांवरून हे स्पष्ट होईल.

विश्वनाथ गल्लीसारख्या अरुंद वाटेत मागे सरकायला जागा नसते. तेथे विस्तृत कोनाचे भिंग लागते. मध्यम आकाराच्या सेन्सरच्या कॅमेऱ्याबरोबर सामान्यतः मिळणारे १८ ते ५५ मिलिमीटरचे भिंग येथे पुरेसे आहे. त्याची १८ ची बाजू गल्ली सामावून घेते.

मदनपुऱ्यासारख्या विणकरांच्या वस्तीत हातमाग अंधुक खोल्यांत चालतात. एखाद्या खिडकीतून तिरपा उजेड येतो आणि विणकराचे हात सतत हलत असतात. तेथे मोठ्या छिद्राचे भिंग उपयोगी पडते. ५० मिलिमीटर, एफ/१.८ हे भिंग तुलनेने स्वस्त असते. छिद्राच्या अंकांचा क्रम उलटा आहे, हे ध्यानात ठेवावे : अंक लहान, तर छिद्र मोठे. एफ/४ पेक्षा एफ/२ च्या छिद्रातून चौपट प्रकाश आत येतो. खोलीच्या अंधाऱ्या बाजूला पांढरे कापड किंवा थर्माकोलचा तुकडा धरला, तर खिडकीचा उजेड परतून विणकराच्या चेहऱ्याच्या सावल्या हलक्या होतात. सुब्रत मित्र यांची युक्ती येथे काही रुपयांत वापरता येते.

गंगेच्या मध्यावरून जाणारी नाव काठावरून टिपायची, तर दीर्घ नाभीय अंतराचे भिंग हवे. असे भिंग जड आणि महाग असते, म्हणून त्याचा क्रम शेवटचा ठेवावा. काशीत त्याला एक साधा पर्याय आहे : नावेत बसून जवळ जावे.

आपल्याला नेमके कोणते भिंग हवे, हे ओळखण्याची एक खात्रीची रीत आहे. अंकीय कॅमेरा प्रत्येक चित्रासोबत नाभीय अंतर, छिद्र, शटर यांची नोंद ठेवतो. आपल्या आवडत्या शंभर-दोनशे चित्रांच्या नोंदी तपासाव्यात. बहुतेक चित्रे कोणत्या अंतरावर घेतली आणि कोठे हात अडला, हे लगेच कळते. खरेदीचा निर्णय या नोंदीवरून घ्यावा. जाहिरातीवरून घेऊ नये.

तिपाई : पहाटेच्या निळसर उजेडात पायऱ्यांवरून चित्र घेताना तिपाई मोलाची ठरते. शटर काही सेकंद उघडे ठेवता येते आणि संवेदनशीलता कमी राखता येते. हीच तिपाई नावेत निरुपयोगी आहे, कारण नावेबरोबर तीही डुलते. तेथे शटरचा वेग वाढवणे हाच उपाय. सायंकाळच्या आरतीच्या गर्दीत तिपाई इतरांच्या पायांत येते, म्हणून ती खोलीवरच ठेवलेली बरी.

५. वापरलेले साधन घेताना

बेताच्या पैशांत चांगले साधन मिळवण्याचा एक मार्ग म्हणजे वापरलेला कॅमेरा किंवा भिंग घेणे. त्यासाठी पुढील तपासणी करावी :

• भिंगातून बॅटरीचा झोत आरपार सोडून पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले, तर ती बुरशी होय. दमट हवेत बंद पेटीत राहिलेल्या भिंगांना ती धरते. असे भिंग घेऊ नये.
• छिद्र लहान करून मोकळ्या आभाळाचे चित्र घ्यावे. त्यात काळसर ठिपके दिसले, तर सेन्सरवर धूळ आहे. ठिपके साफसफाईने जातात. ओरखडे जात नाहीत.
• शटर वेगवेगळ्या वेगांवर चालवून पाहावे. शटर आजवर किती वेळा चालले आहे, ही संख्या विचारावी.
• जवळच्या व दूरच्या वस्तूवर भिंग नीट स्थिरावते का, हे पाहावे.
• विक्रेत्याकडून पावती घ्यावी व तीवर कॅमेऱ्याचा क्रमांक लिहून घ्यावा.

६. साधन हाताळताना

चित्रात किती प्रकाश यावा, हे तीन गोष्टींनी ठरते : छिद्राचा आकार, शटर उघडे राहण्याचा काळ आणि सेन्सरची संवेदनशीलता, म्हणजे आयएसओ. एक वाढवले तर दुसरे घटवावे लागते. लख्ख उन्हासाठी एक जुना नियम आजही उपयोगी आहे. छिद्र एफ/१६ ठेवले, तर शटरचा काळ आयएसओच्या अंकाएवढ्या भागाचा घ्यावा. आयएसओ १०० असेल, तर सेकंदाचा सुमारे १/१२५ वा भाग. छिद्र दोन पायऱ्यांनी मोठे करून एफ/८ केले, तर शटरचा काळ १/५०० होतो. आत येणारा प्रकाश तेवढाच राहतो.

कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचे दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे गृहीत धरतो. काशीच्या हिवाळ्यात तो फसतो. पांढरेशुभ्र धुके त्याला करडे करावेसे वाटते आणि चित्र काळवंडते. तेथे प्रकाश एका पायरीने वाढवावा. सायंकाळी दशाश्वमेध घाटावरील आरतीच्या वेळी उलट घडते. भोवतालच्या अंधारामुळे मापक अधिक प्रकाश आत घेतो आणि दीपांच्या ज्योती पांढऱ्या डागांसारख्या उमटतात. तेथे प्रकाश एक-दोन पायऱ्यांनी कमी करावा. हा निर्णय यंत्र घेऊ शकेलच असे नाही. डोळ्याने घ्यावा लागतो.

साधनाची पूर्वतयारी हाही कौशल्याचाच भाग आहे. 'अपराजितो'च्या चित्रीकरणातील एक प्रसंग राय यांच्या काशीच्या दैनंदिनीत आला आहे. घाटावरील वाड्यांच्या कंगोऱ्यांवर बसलेली कबुतरे एकाच वेळी आभाळात झेपावतात, असे दृश्य हवे होते. कबुतरे उडावीत म्हणून बार उडवण्याची योजना होती. वात पेटली, बार उडायला काही क्षण उरले आणि सुब्रत मित्र हातवारे करू लागले. बार झाला, कबुतरे सुंदर उडाली, पण कॅमेरा चाललाच नाही. त्याची मोटर बॅटरीला जोडलेलीच नव्हती. सुदैवाने कबुतरे काही घिरट्या घालून पुन्हा जागेवर येऊन बसली. सोबत आणखी बार होते, म्हणून दुसऱ्या खेपेस दृश्य साधले. हरिहरच्या मृत्यूच्या क्षणी पडद्यावर दिसणारी ती झेप आज जगभरच्या रसिकांच्या स्मरणात आहे.

कबुतरे परतली, प्रत्येक क्षण परततोच असे नाही. म्हणून बाहेर पडण्याच्या आदल्या रात्री बॅटरी भारित करावी, स्मृतिपत्र रिकामे करावे, भिंग पुसून ठेवावे आणि आयएसओ कालच्या अंकावर राहिला नाही ना, हे पाहावे. भिंग पुसताना आधी फुंकणीने धूळ उडवावी, मग मऊ कापड फिरवावे. धुळीसकट घासल्यास ओरखडे पडतात. थंडीतून उबदार खोलीत आल्यावर कॅमेरा काही वेळ पिशवीतच बंद ठेवावा, म्हणजे भिंगावर दव धरत नाही. घेतलेल्या चित्रांच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी जपून ठेवाव्यात.

पाठगत प्रश्न – २

(अ) रिकाम्या जागा भरा.
४. छिद्राचा अंक लहान असेल, तर छिद्र ........... असते.
५. दाट धुक्याचे चित्र घेताना प्रकाश एका पायरीने ........... लागतो.

(आ) चूक की बरोबर ते सांगा.
६. नावेत बसून चित्र घेताना तिपाई सर्वांत उपयुक्त ठरते.

७. साधन आणि विवेक

काशी ही लाखो माणसांची श्रद्धाभूमी आहे आणि अनेकांसाठी अखेरचा निरोप घेण्याची जागाही आहे. मणिकर्णिका आणि हरिश्चंद्र या घाटांवर अंत्यसंस्कार चालतात. तेथे कॅमेरा रोखणे म्हणजे शोक करणाऱ्या कुटुंबाच्या दुःखात घुसणे होय. त्या घाटांवर कॅमेरा पिशवीत ठेवावा. दूरच्या भिंगाने चोरून चित्र घेणे हा त्यावरचा मार्ग नव्हे. अंतर वाढल्याने आगळीक लहान होत नाही.

स्नान करणाऱ्या स्त्रिया, ध्यानस्थ साधू, मागावरचा विणकर, नावाडी ही सारी माणसे प्रथम माणसे आहेत, नंतर चित्राचे विषय. शक्य तेथे आधी बोलावे, परवानगी घ्यावी, नकार मिळाल्यास मान तुकवून पुढे जावे. चित्र पाठवण्याचे वचन दिले, तर ते पाळावे. कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात यांतील काहीच लिहिलेले नसते, तरी चित्राचा दर्जा त्यावर ठरतो. विश्वासाने पाहणारा चेहरा आणि दचकलेला चेहरा यांतला फरक सर्वांत महाग भिंगालाही लपवता येत नाही.

विकसनशील छायाचित्रकाराची वाट अशी पायरीपायरीची आहे. प्रकाश पाहावा, हाती आहे त्या साधनाची मर्यादा गाठावी, ती कोठे आडवी येते हे नोंदवावे आणि मगच पुढचे साधन घ्यावे. बोर्नच्या काचा गेल्या, कोडाक्रोम गेली. आजचे कॅमेरेही उद्या जुने होतील. पहाटे पूर्वेकडून पायऱ्यांवर येणारा प्रकाश ओळखणारी नजर मात्र एकदा कमावली, की ती प्रत्येक नव्या साधनात उपयोगी पडते.

शब्दार्थ

रेलचेल – विपुलता
नाभीय अंतर – भिंगाचे केंद्र व त्याची नाभी यांमधील अंतर
छायालेखक – चित्रपटाचे छायाचित्रण करणारा
परावर्तित – आदळून परत आलेला
स्मृतिपत्र – चित्रे साठवण्याचे कार्ड
कंगोरा – इमारतीच्या कडेचा पुढे आलेला भाग
आगळीक – मर्यादेचा भंग, अपराध

तुम्ही काय शिकलात?

• साधनांची निवड विषय आणि प्रकाश यांवरून करावी.
• प्रत्येक काळातील साधनांना मर्यादा असतात. त्या ओळखून काम करणाऱ्याला उत्तम चित्रे साधतात.
• सुब्रत मित्र यांनी साध्या पांढऱ्या कापडाने काशीच्या अंगणातील प्रकाश स्टुडिओत निर्माण केला.
• छिद्र, शटर आणि आयएसओ परस्परांवर अवलंबून असतात.
• साधनाची पूर्वतयारी आणि माणसांविषयीचा आदर ही दोन्ही छायाचित्रकाराची कर्तव्ये आहेत.

भाषाभ्यास

पाठातील पुढील सामासिक शब्द व त्यांचे विग्रह पाहा.
प्रकाशमापक – प्रकाशाचा मापक (षष्ठी तत्पुरुष)
श्रद्धाभूमी – श्रद्धेची भूमी (षष्ठी तत्पुरुष)
दोन-तीन – दोन किंवा तीन (वैकल्पिक द्वंद्व)
याच पद्धतीने 'साफसफाई', 'अंत्यसंस्कार' व 'एक-दोन' या शब्दांचा विग्रह करून समास ओळखा.

पाठान्त प्रश्न

१. 'पूर्वी साधनच "नाही" म्हणत असे. आता ते छायाचित्रकाराने स्वतः म्हणायचे असते.' या विधानाचा आशय पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
२. स्टुडिओतील अंगणाबाबत सुब्रत मित्र यांचा आक्षेप कोणता होता? त्यांनी त्यावर कोणता उपाय योजला?
३. बेताचा पैसा असलेल्या नवशिक्या छायाचित्रकाराला तुम्ही कोणत्या क्रमाने साधने घेण्याचा सल्ला द्याल? कारणांसह आठ ते दहा ओळींत लिहा.
४. दूरच्या भिंगाने नकळत घेतलेले चित्र योग्य की अयोग्य? तुमचे मत लिहा.

उपक्रम

तुमच्या गावातील नदीकाठ, घाट, बाजारपेठ किंवा मंदिर निवडा. ते स्थळ कोणत्या दिशेला तोंड करून आहे, हे नोंदवा. एकाच जागी उभे राहून पहाटे, दुपारी आणि सायंकाळी एकेक चित्र घ्या. कॅमेरा नसल्यास तीन वेळांच्या ऊनसावलीची आकृती काढा. तिन्हींतील फरक दहा वाक्यांत लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (ख) पूर्व
२. (ग) ताणलेल्या पांढऱ्या कापडाचा
३. प्रकाश बराच वेळ आत घ्यावा लागत असल्याने हलणारी माणसे पुसट होत आणि स्थिर वास्तू स्पष्ट येत.
४. मोठे
५. वाढवावा
६. चूक